आवळलं की थांबणारं चाक

मुलीची सायकल खोक्यातून बाहेर काढली त्या दिवशी मी ती विकणाऱ्या माणसाला फोन लावून चांगला झापला होता. सायकल पाठवली ती पाठवली, पण सीट कुठाय? जुनी वस्तू घेतली म्हणून काय झालं, माणसाने बसायचं कशावर? पुण्याचा तो माणूस फार सभ्य निघाला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, ह्या सायकलला सीट नसतेच. उभं राहून चालवतात."

मी फोनवर हात ठेवून मागे वळलो. मुलगी कपाळाला हात लावून पायरीवर बसली होती. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "उद्या तुमी होडीक चाकां नाय म्हणान भांडशात."

तर ती ट्रायल्स सायकल. शर्यतीची नव्हे. खडकावर चढायचं, एका चाकावर उड्या मारत एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जायचं, आणि पाय जमिनीला लावायचा नाही, असा तो खेळ. आमच्या वाडीच्या मागे एक बंद पडलेली चिरेखाण आहे. चिरे काढून नेल्यावर मागे राहिलेले जांभ्याचे उभे-आडवे टप्पे, एखादा गुडघ्याएवढा, एखादा छातीएवढा. गावातल्या लोकांना ती जागा निकामी वाटते. आमच्या मुलीला ती स्वर्ग वाटते. कॉलेजातून आली की सायकल घेऊन तिकडे. मी सुरुवातीपासून पाण्याची बाटली घेऊन काठावर बसायचो. चार वर्षं बसलो. तेवढ्यात एवढंच कळलं की ती पडते तेव्हा आपण ओरडायचं नाही.

माघ संपत आला होता, काजूला मोहोर होता, तेव्हा तिने जेवताना सांगितलं की तिने स्पर्धेत नाव घातलंय. गोव्यात, येत्या रविवारी. पहिलीच स्पर्धा. नाव घालून झाल्यावर सांगितलं, आधी नाही. आणि लगेच पुढे म्हणाली, "पण मागचा चाक करकरता. बेरिंगा गेली."

मी जेवण टाकून अंगणात गेलो. मागचं चाक उचलून फिरवलं. पाट्यावर मीठ वाटावं तसा आवाज येत होता. धरून डावी-उजवीकडे हलवलं तर हलत होतं. चाकाच्या मधोमध जो पोकळ गाभा असतो, ज्यातून आस जाते, त्याला हब म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक बेअरिंग बसवलेलं असतं. खारी हवा आणि खाणीतलं लाल पाणी, दोघांनी मिळून ती दोन्ही खाल्ली होती.

"गोव्यातल्या दुकानात दिलंय तर दोन दिवसांत करून देतत," मुलगी म्हणाली.

"दुकानात कित्याक?" मी म्हटलं. "मी करतंय."

आणि आत येऊन पुन्हा ताटावर बसलो. बायकोने ताटात बघितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारपर्यंत व्हया." मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत घे."

हे मी का म्हटलं ते मलाही नीट सांगता येत नाही. दुकानात द्यायला माझी हरकत नव्हती. पण ती पोर सगळं आपलं आपण करते. नाव आपण घालते, सराव आपण करते, गुडघा फुटला तर पट्टी आपण बांधते. तिच्यासाठी आपण काही करावं अशी वेळ फार दिवसांनी आली होती, आणि ती मी दुकानदाराच्या घशात घालायला तयार नव्हतो.

बुधवारी संध्याकाळी अंगणात पोतं पसरून बसलो. शेजारी एक काका राहतात, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांच्याकडून हातोडी, एक बोथट छिन्नी आणि बाटलीभर डिझेल आणलं. त्यांनी विचारलं, "कसला काम काडलंस, भाऊसायबा?" मी कचेरीत कारकून आहे, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. त्या हाकेत आदर किती आणि बाकी काय किती, हे वीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

आस काढली. एका बाजूने छिन्नी घालून दुसऱ्या बाजूचं बेअरिंग ठोकलं. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग एकदम बेअरिंग, त्याच्या मागून काळ्या ग्रीसचा एक लठ्ठ गोळा, आणि मूठभर लाल माती, असं सगळं एकदम पोत्यावर पडलं. दुसरं बेअरिंगही निघालं. मी खूश. सगळं सामान, गोळ्यासकट, एका स्टीलच्या वाडग्यात टाकून वर डिझेल ओतलं आणि मुरत ठेवलं. मुरत हा शब्द माझाच. घरात बाकी जे काही मुरतं ते छानच होतं, म्हणून.

गुरुवारी सकाळी मी कचेरीत गेलो. दुपारी बायकोचा फोन. "माझो पिठाचो वाडगो तुमी डिझेलाक वापरलात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राखेन घासून, साबणान धुवून सगळां सामान तुळशीकडे सुकत घातलंय. गावला तर उचला. आणि वाडगो आता तुमचो."

कचेरी सुटल्यावर कणकवलीला पंपांच्या दुकानात गेलो. जुन्या बेअरिंगवर खोदलेला आकडा कागदावर लिहून नेला होता. दुकानदार म्हणाला हे पंपालाही चालतं, आहे. किती देऊ? मी म्हटलं, तीन. तो म्हणाला, चाकाला दोन लागतात. म्हटलं, दोन चाकाला, एक मला शिकायला. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. तुळशीच्या कट्ट्यावर एका फडक्यावर आस, बोल्ट, वॉशर आणि जुनी बेअरिंगं ओळीने सुकत ठेवलेली. सगळं गोळा करून डब्यात भरलं. मग दिवा लावायला गेलो. संध्याकाळी तुळशीकडे दिवा आणि उदबत्ती लावणं हे आमच्या घरात कायमचं माझ्याकडे दिलेलं एकच काम आहे. त्यात बिघडवण्यासारखं काही नाही, असं बायकोचं म्हणणं.

उदबत्ती मी एरवी तुळशीच्या मातीतच खोचतो. त्या दिवशी माती ओली होती, उदबत्ती कलंडत होती. आणि बघतो तर वृंदावनाच्या देवळीत, पणतीच्या शेजारी, उदबत्तीचं एक छोटं उभं घर. करंगळीएवढं उंच, रुपेरी, चकचकीत. बायकोने बाजारातून आणलेलं दिसतंय, मी मनात म्हटलं. वाडग्यावरून एवढी चिडली होती, तरी माझ्या उदबत्तीची काळजी. मला भरून आलं. उदबत्ती त्यात खोचली, ती मस्त उभी राहिली. हात जोडले. याबद्दल तिला काही बोललो नाही. आमच्यात कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही.

नवीन बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. गार केलं की लोखंड आकसतं आणि सहज बसतं, एवढं मला कुठून तरी माहीत होतं. बांगड्यांच्या पिशवीशेजारी जागा होती. सकाळी बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "आज बांगड्याचां तिखलां करू काय बेरिंगाचां?"

शुक्रवारी रजा टाकली. हब गरम पाण्याच्या फडक्याने शेकला, बेअरिंगं फ्रीजरमधून काढली आणि लाकडी ठोकळा ठेवून ठोकली. खरं सांगतो, इतक्या सहज बसली की मी मुलीला हाक मारून दाखवली. ती कॉलेजला निघाली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "बरां बसलां हां." आमच्या मुलीकडून बरां म्हणजे पदकच.

ती गेल्यावर आस घातली, चाक सायकलला लावलं, बोल्ट आवळले आणि चाक फिरवलं.

फिरलंच नाही.

म्हणजे हलत होतं, पण रवीने घट्ट पीठ घुसळावं तसं. बोल्ट सैल केले. चाक भिंगरीसारखं फिरलं. पुन्हा आवळले. थांबलं. सैल, फिरलं. आवळले, थांबलं. मी अर्धा तास हेच केलं. प्रत्येक वेळी मला वाटे की या खेपेला काही तरी वेगळं होईल. कशाच्या जोरावर वाटे, माहीत नाही. मग उलटं केलं, डावा बोल्ट उजवीकडे. मग ग्रीस जास्त झालं म्हणून पुसलं. मग कमी झालं म्हणून लावलं. मग वाटलं की बेअरिंगं अजून गार आहेत, उन्हात ठेवू. सायकल उलटी करून तासभर उन्हात ठेवली. शेजारच्यांच्या कोंबड्या येऊन चाकाखाली बसल्या.

काका कुंपणापलीकडून हे सगळं बघत होते. शेवटी आले. चाक फिरवून बघितलं, बोल्ट आवळला, सोडला.

"मधी कायतरी व्हया," ते म्हणाले.

"मधी काय?"

"नळी. माज्या इंजिनात आसता. दोन बेरिंगांच्या मधी नळी आसता, म्हणान ती एकमेकांच्या अंगार येनत नाय. नळी नाय तर तू आवळतंस, तशी ती मधी दाबतत आणि धरतत. खंय गेली नळी?"

"नव्हती."

"नव्हती कशी?"

"काका, मी माज्या हातान खोललंय. दोन बेरिंगा, आस, बोल्ट. नळी-बिळी काय नव्हती."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बघ बाबा. तू कचेरीतलो माणूस. तुज्याकडे नोंद असतली," असं म्हणून ते गेले.

दुपारी मुलगी आली. तिनेही चाक आवळून बघितलं आणि तेच म्हणाली. "बाबा, मधी नळी आसता. व्हिडिओत दाखवतत."

आणि इथे मी जे केलं ते लिहायला मला बरं वाटत नाही. मी गोंधळलेला होतो, हात काळे, पाठ मोडलेली, रविवार जवळ. मला माझं काही चुकलंय असं सापडत नव्हतं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार. मी म्हटलं, "मागच्या पावसात खाणीत चाक कोणी खोलला होतां?"

ती म्हणाली, "मी. चिखल गेलो होतो, पुसूक."

"मगे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चाकाकडे. मग फार हळू म्हणाली, "माका वाटता मी परत घातलेली."

"वाटता," मी म्हटलं.

तिने भांडायला हवं होतं. ती भांडली असती तर मी कदाचित थांबलो असतो. पण ती विचार करत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला ते खरं वाटायला लागलंय. की आपल्याच हातून हरवली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "कित्याक त्या चेडवाच्या मागे लागलात?" मी म्हटलं, "मी फक्त इचारतंय."

तशी नळी दुकानात मिळत नाही. पंपवाल्याला फोन केला, त्याने नाही म्हटलं. गोव्याच्या दुकानाला मुलीने केला, ते म्हणाले मागवावी लागेल, आठवडा. शनिवारी सकाळी मुलगी काकांकडचं मोठं लोहचुंबक घेऊन खाणीत गेली. दोरीला बांधून ती ते टप्प्याटप्प्याने मातीवरून ओढत होती. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेलो. काठावर माझ्या नेहमीच्या जागी बसलो. ओढून ओढून तिला दोन खिळे आणि एक तुटका विळा सापडला.

"गो बाय," मी म्हटलं, "नळी ॲल्युमिनियमची असली तर चुंबकाक लागाची नाय."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "पण नुसती बसान ऱ्हवाक येणा नाय." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पुढच्या वर्षी जाईन. माजीच चूक."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, तिला कळलं नसावं. मलाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावायला गेलो तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं. आमच्याकडे अडचणीत देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. ते देवळात, चारचौघांत. मी एकटाच होतो, आणि मला ते नीट येतही नाही. तरी घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाची उद्या परीक्षा आसा. चाक आवळला की फिरणा नाय, सोडला की ऱ्हवणा नाय. हेच्यात जो काय दोष असात, तो ज्येचो असात त्येका दाखव—"

"व्हय म्हाराजा!" कुंपणापलीकडून काका ओरडले. रविवारी सकाळी चर्चमधली मिस, त्यांची प्रार्थना, चुकवणार नाहीत, पण आमच्या गाऱ्हाण्याला होकार भरायची संधीही सोडणार नाहीत.

मी दचकलो. हातातली उदबत्ती त्या रुपेरी घरावर आपटली, ते देवळीतून घरंगळलं, कट्ट्यावर पडलं आणि लोळत लोळत माझ्या पायाशी आलं.

उचललं. आतून आरपार पोकळ. उदबत्तीच्या घराला बूड असतं. याला दोन्हीकडून तोंड. दोन्ही तोंडं अगदी सपाट, आणि एका तोंडावर बारीकशी गोल रेघ, काही तरी वर्षानुवर्षं टेकून राहिल्यासारखी. कट्ट्याखाली डब्यात जुनं बेअरिंग होतं. त्यावर ती नळी धरली. आतल्या कड्यावर ती अशी बरोबर बसली की जणू माहेरीच आली.

बुधवारचा तो ग्रीसचा लठ्ठ गोळा डोळ्यांसमोर आला. तो गोळा नव्हता. गोळ्याच्या आत ही होती. बायकोने घासून धुतली, आणि गोल आहे, लोळेल, म्हणून बाकीच्या सामानाबरोबर फडक्यावर न ठेवता देवळीत उभी केली. आणि मी तिला दोन दिवस उदबत्ती ओवाळली.

मी तिथेच कट्ट्यावर बसलो. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की डब्याच्या तळाशी सापडली म्हणून सांगावं. डबा माझाच, कुणाचं नाव येत नाही. तेवढ्यात मुलगी हात-पाय धुऊन बाहेर आली. पायावर अजून खाणीची लाल रेघ होती.

"गावली," मी म्हटलं.

तिने धावत येऊन हातात घेतली. फिरवली. मग नाकाशी नेली. "हेका चंदनाचो वास कसो येता?"

नळीत राखही होती. मी डबा म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते सगळं आलं. गोळा, वाडगा, देवळी, उदबत्ती. ती ऐकत राहिली. हसेल असं मला वाटलं, किंवा ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे माज्याकडसून हरवली नाय?"

"नाय. तुज्याकडसून कायच हरवला नाय. माज्याकडसून."

तिने नळीतली राख तळहातावर झटकली. मग म्हणाली, "सकाळी मी चुंबक ओढत होतंय, तेव्हा तुमी मान हलवलात." मी म्हटलं, "हां." ती म्हणाली, "बरां." ह्या बरांत पदक नव्हतं.

बायको दारात आली होती. तिने सगळं ऐकलं असावं. "माका वाटला," ती म्हणाली, "सामान उरला, तां तुमी कामाक लावलात. म्हटलां, एक तरी वस्तू कामाची केली."

नळी आत घालायची तर एक बेअरिंग पुन्हा ठोकून काढावं लागणार होतं, आणि ठोकून काढलेलं पुन्हा वापरू नये असं काकांनी बजावलं. तिसरं बेअरिंग होतं. मला शिकायला आणलेलं. मुलीने ते माझ्या हातून घेतलं आणि आपणच बसवलं, मी नुसतं चाक धरलं. आधी नळी, मग बेअरिंग. आस घातली, बोल्ट आवळले. तिने चाक उचलून बोटाने ढकललं. ते फिरत राहिलं. बराच वेळ फिरत राहिलं. आवळल्यावर थांबणारं चाक आणि आवळल्यावरही फिरणारं चाक यांत फरक करंगळीएवढ्या पोकळ नळीचा. हे मला काकांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. मी मान हलवली. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

रविवारी आम्ही तिघंही गेलो. गोव्यातल्या एका सड्यावर, उघड्या कातळमाळावर, दगड, ओंडके, मोठमोठे टायर मांडलेले. तिसऱ्या टप्प्यावर ती पडली, पाय लागला, आणि शेवटून तिसरी आली. त्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही, आणि मी ओरडलो नाही. पण सुरुवात करण्याआधी तिने एक गोष्ट केली. काठावर मी उभा होतो तिथे सायकल घेऊन आली, मागचं चाक उचललं, फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, ऐका."

मी कान दिला. काहीच आवाज नव्हता.

संध्याकाळी घरी परत आलो. मी पणती घेऊन तुळशीकडे गेलो, दिवा लावला, उदबत्ती पेटवली, आणि ती हातात धरून उभा राहिलो, कुठे खोचावी ते न सुचून. देवळी मोकळी होती. माती त्या दिवसासारखीच ओली. बायको मागून आली, तिने माझ्या हातातून उदबत्ती काढून घेतली आणि म्हणाली, "उद्यापासून उदबत्ती मी लावतंय. तुमी नुसते हात जोडून उभे ऱ्हवा. दोनय हात जोडा, म्हणजे ते दुसरीकडे खंय जावचे नाय."